बाण जोडायला कोणता ग्लू घ्यायचा? नव्या तिरंदाजांसाठी

पहिले काही महिने क्लबचं धनुष्य आणि क्लबचे बाण यांवर निघून जातात. मग प्रशिक्षक सांगतात, आता स्वतःचे बाण करा. दुकानातून खोकं येतं. त्यात शाफ्ट (बाणाची नळी) वेगळे, पॉइंट (पुढचं टोक) वेगळे, नॉकची (मागची, दोरीवर बसणारी खाच) पुडी वेगळी आणि व्हेनचं (मागची प्लॅस्टिकची पिसं) पाकीट वेगळं. जोडणी आपल्यालाच करायची असते. आपल्या घरात चिकटवायचं म्हटलं की फेविक्विक आणि अरल्डाइट ही दोनच नावं पटकन आठवतात. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्हींची बाणात जागा आहे. पण जागा चुकली तर महागडा शाफ्ट कायमचा जातो.

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या साताऱ्यात तयार झालेल्या दोघांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडची (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची) वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. ते पाहून धनुष्य हाती घेतलेली मुलं आणि त्यांच्यासाठी रात्री जेवणाच्या टेबलावर बाण जोडत बसलेले आईबाबा, हे दोघेही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनचे बाण इथे सविस्तर घेतले आहेत. लाकडी आणि बांबूच्या बाणांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी प्रश्न बदला

नवीन माणूस दुकानात जाऊन विचारतो, "सगळ्यात पक्का ग्लू कोणता?" बाणाच्या बाबतीत आधी विचारायचं ते हे: हा जोड पुढे सोडवावा लागणार आहे का?

पॉइंट सोडवावा लागतो, आणि एकदाच नाही. वजन बदलायचं असतं, शाफ्टची लांबी कमी करायची असते, दगडाला लागून टोक बोथट झालेलं असतं. व्हेन तर सतत फाटतात आणि बदलाव्या लागतात. इन्सर्ट, म्हणजे शाफ्टच्या तोंडात बसणारी आट्यांची बाही, सहसा एकदा बसवली की बसवली. आणि नॉकला बहुतेक आधुनिक बाणांत ग्लू लागतच नाही.

या चार ठिकाणी चार वेगवेगळी कामं चालतात, म्हणून एकच बाटली सगळीकडे चालत नाही. पॉइंटच्या जोडाला समोरून जबरदस्त धक्का बसतो, शिवाय बाण उपसताना मागून ओढ बसते. व्हेनच्या जोडाला धक्का कमी, पण फोमच्या टार्गेटमध्ये बाण खोल गेला की व्हेनचं पुढचं टोक सोलून निघायला बघतं.

दुसरा प्रश्न शाफ्ट कशाचा आहे, हा. अ‍ॅल्युमिनियमची नळी उष्णता बऱ्यापैकी सहन करते. कार्बन शाफ्ट म्हणजे कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवलेले असतात. ते रेझिन जास्त तापलं की त्याची ताकद जाते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. तोच बाण पुढे ताणलेल्या दोरीवरून सुटताना मोडू शकतो, तेही धनुष्य धरलेल्या हाताशेजारी. उकळत्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता कार्बन शाफ्टपर्यंत पोहोचू द्यायची नाही, एवढा एक नियम पक्का धरा. ईस्टन कंपनीच्या एसीई किंवा एक्स१० सारख्या शाफ्टमध्ये आत अ‍ॅल्युमिनियमची बारीक नळी आणि बाहेर कार्बन असतो. तेही उष्णतेच्या बाबतीत कार्बनच समजायचे.

साफसफाई

ग्लू सुटला की लोक ग्लूला दोष देतात. बहुतेक वेळा दोष तेलाचा, धुळीचा किंवा हाताच्या घामाचा असतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हेच वापरतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यात बऱ्याचदा तेलकट आणि सुगंधी पदार्थ असतात आणि त्यांचाच थर मागे राहतो. शुद्ध अ‍ॅसिटोन धातूचे पॉइंट पुसायला उत्तम, पण प्लॅस्टिकच्या नॉकपासून ते लांब ठेवा.

कार्बन शाफ्ट कापलेला असेल तर आत काळी भुकटी असतेच. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून शाफ्टच्या तोंडात दोन-तीन इंच फिरवा. बड काळा येईल. दुसरा घ्या, तिसरा घ्या. बड पांढरा बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. शाफ्ट घरी कापायचा किंवा घासायचा असेल तर मास्क लावा आणि ती भुकटी फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

पॉइंटचा आत जाणारा दांडा कारखान्यातून तेलकटच येतो. तो अ‍ॅसिटोनने पुसा, बारीक पॉलिश पेपरने आडवा घासून चकाकी घालवा आणि पुन्हा पुसा. अ‍ॅल्युमिनियम शाफ्टची मागची बाजू, जिथे व्हेन येणार, तिथे भांडी घासायचा हिरवा स्क्रबर अगदी हलक्या हाताने फिरवला तर चालतो. कार्बनवर ते करू नका. तिथे फक्त पुसणं पुरेसं आहे, वरचे तंतू खरवडले तर शाफ्ट कमजोर होतो.

साफ झालंय की नाही ते पाण्याने कळतं. शाफ्टवर थोडं पाणी सोडा. पाणी सलग पातळ पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन ओघळलं तर अजून तेल आहे, पुन्हा पुसा. नंतर पूर्ण वाळू द्या, आणि त्या जागेला बोट लावू नका.

पॉइंट: इथे हॉट मेल्ट

टार्गेटवर नेम धरणाऱ्या नव्या तिरंदाजाने पॉइंटसाठी हॉट मेल्टच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हा कांडीच्या रूपात मिळतो, तापवला की वितळतो आणि थंड झाला की घट्ट होतो. पुन्हा तापवला की पुन्हा सुटतो, आणि पॉइंटला नेमकं तेच हवं असतं.

कांड्या दोन प्रकारच्या येतात, जास्त तापमानाच्या आणि कमी तापमानाच्या. अ‍ॅल्युमिनियमला दोन्ही चालतात. कार्बनला फक्त कमी तापमानाची. मिशिगनमधल्या बोनिंग कंपनीचा फेर-एल-टाइट हा जुना, नावाजलेला हॉट मेल्ट आहे. त्याचाच कूल फ्लेक्स हा प्रकार कार्बनसाठी आहे. खरेदी करताना पाकिटावरचा हा फरक वाचा, कारण नावं जवळजवळ सारखी दिसतात.

स्टेशनरीच्या दुकानात ग्लू गनच्या पांढऱ्या कांड्या मिळतात. त्या पॉइंटसाठी घेऊ नका. गुळगुळीत धातूवर त्यांची पकड कच्ची असते. बाण घट्ट फोममध्ये घुसताना घर्षणाने टोक तापतं, ग्लू मऊ पडतो, आणि बाण उपसला की पॉइंट टार्गेटमध्येच राहतो. त्या अडकलेल्या पॉइंटवर दुसऱ्या कुणाचा बाण आदळला की त्याचंही नुकसान होतं.

आता जोडणी. हे काम मोठ्या माणसाने करावं किंवा मोठं माणूस शेजारी असताना करावं.

१. नॉक बसवलेला असेल तर काढून ठेवा. ही पायरी बरेच जण विसरतात. मागचं तोंड बंद असेल तर पॉइंट आत ढकलताना शाफ्टमधली हवा दाबली जाते, आणि ग्लू मऊ असेपर्यंत ती पॉइंटला हळूहळू मागे ढकलते. सकाळी बघितलं तर पॉइंट आणि शाफ्ट यांच्यात फट दिसते.

२. ग्लू लावण्याआधी पॉइंट कोरडा घालून बघा. तो सहज जायला हवा आणि डुगडुगायला नको.

३. स्पिरिटचा दिवा किंवा छोटा बर्नर घ्या. मेणबत्ती नको, तिची काजळी दांड्यावर बसते आणि सगळी साफसफाई वाया जाते. पॉइंटचं टोक पक्कडीत धरून दांडा ज्योतीत काही क्षण फिरवा. शाफ्ट आगीजवळही न्यायचा नाही.

४. गरम दांड्यावर कांडी टेकवा. ती वितळून पसरली पाहिजे. ग्लूला बुडबुडे आले किंवा धूर निघाला तर धातू फार तापलाय. थोडं थांबा. दांडा गोल फिरवत सगळीकडे पातळ थर द्या. चपातीवर तेलाचा हात फिरवावा इतकाच.

५. कार्बन असेल तर इथे घाई करू नका. ग्लू वाहता राहील पण धातू धगधगता नसेल, अशा वेळी दांडा शाफ्टमध्ये घाला. अर्ध्यापर्यंत गोल फिरवत, मग सरळ आत.

६. पॉइंट शाफ्टच्या कडेला पूर्ण टेकेपर्यंत लाकडी फळीवर दाबा. बाहेर आलेला ग्लू मऊ असतानाच कागदाने पुसा किंवा थंड झाल्यावर नखाने काढा. नंतर सुरीने खरवडायची वेळ आणू नका.

७. गरम पॉइंट बसवल्यावर शाफ्ट लगेच थंड पाण्यात बुडवला तर उष्णता कार्बनमध्ये शिरायच्या आत निघून जाते. फक्त टोकाकडची बाजू बुडवा.

ग्लू किती लागला याकडेही लक्ष द्या. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. ग्लूचा एक जाड गोळा आत राहिला तरी दोन-तीन ग्रेन सहज वाढतात, तेही बाणाच्या अगदी पुढच्या टोकाला. क्लबमध्ये १८ मीटरवर ते जाणवणार नाही, रिकर्व्हच्या (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या) ७० मीटरवर जाणवतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घेतला तर सगळे बाण एकसारखे झालेत का हे पाहता येतं.

पॉइंट काढायचा असेल तर

एसीई आणि एक्स१० साठी असे स्टीलचे पॉइंट मिळतात, ज्यांच्या शेपटीला खाचा असतात. १२० ग्रेनचा पॉइंट एका खाचेवर तोडला की ११०, दुसऱ्यावर तोडला की १००. प्रशिक्षक बाण ट्यून करताना म्हणतात, "दहा ग्रेन कमी कर," तेव्हा पॉइंट बाहेर काढावाच लागतो. इथे हॉट मेल्ट लावणाऱ्याला पाच मिनिटं लागतात. ज्याने अरल्डाइट लावलं, त्याला नवा शाफ्ट लागतो.

कार्बनसाठी ज्योत वापरायची नाही. पेलाभर उकळतं पाणी घ्या आणि शाफ्टचं पुढचं टोक, पॉइंट आणि दांडा बुडेल इतकंच, त्यात धरा. अर्धा ते एक मिनिट. मग पक्कडीने पॉइंट धरून सरळ ओढा. वाकवून काढू नका. निघाला नाही तर पुन्हा बुडवा. जोर वाढवण्यापेक्षा पाणी परत उकळणं चांगलं. आत पाणी गेलेलं असतं, म्हणून शाफ्ट उभा ठेवून पूर्ण वाळू द्या. ओल्या नळीत हॉट मेल्ट धरत नाही.

अ‍ॅल्युमिनियम शाफ्टचा पॉइंट ज्योतीवर तापवून काढता येतो, पण ज्योत पॉइंटच्या बाहेरच्या भागावर ठेवा, नळीवर नाही.

इन्सर्ट: इथे दोन भागांचं इपॉक्सी

काही बाणांत पॉइंट थेट चिकटवत नाहीत. आधी इन्सर्ट बसवतात आणि त्यात पॉइंट आट्यांनी फिरवतात. वजन बदलायचं झालं तर पॉइंट नुसता उलगडायचा, ग्लूला हात लावायचा नाही. त्यामुळे इथे पक्का जोड हवा, आणि इथेच अरल्डाइट, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून करायचं इपॉक्सी, आपली किंमत वसूल करून देतं.

अरल्डाइटची सावकाश घट्ट होणारी जोडी घ्या. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार सोयीचा वाटतो, पण बारा बाण जोडायला बसलात तर चौथ्या बाणापर्यंत मिश्रण दगड होतं. शिवाय सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी धक्का जास्त चांगलं झेलतं.

रेझिन आणि हार्डनर पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्या, घरगुती ट्यूबमध्ये ते समसमान असतं. पुठ्ठ्यावर एक मिनिटभर नीट घोटा. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर आणि जास्त घट्ट होईल, हा गैरसमज आहे. प्रमाण बिघडलं की जोड चिकट राहतो. इपॉक्सी इन्सर्टला लावा, शाफ्टच्या आत नको. शाफ्टच्या आत लावलं तर इन्सर्ट ते पुढे ढकलत नेतो आणि सगळा माल आत जमून वजन वाढतं. इन्सर्ट फिरवत आत घाला, बाहेर आलेलं पुसा, आणि शाफ्ट रात्रभर इन्सर्ट खाली ठेवून उभा करा, म्हणजे ओघळ आत न जाता जोडापाशीच राहील. खाली प्लॅस्टिकचा कागद ठेवा, नाहीतर शाफ्ट टेबलाला चिकटेल.

घट्ट होण्याआधी एक तपासणी करा. इन्सर्टमध्ये पॉइंट फिरवून बाण तळहातावर टोकावर उभा धरा आणि भिंगरी द्या. टोक थरथरलं तर इन्सर्ट तिरपा बसलाय. आता फिरवून सरळ करता येतो, उद्या सकाळी नाही. चोवीस तास झाल्याशिवाय तो बाण मारू नका.

फेविक्विक इन्सर्टला किंवा पॉइंटला लावू नका. ते लगेच घट्ट होतं म्हणून मोह होतो. पण सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचे (फेविक्विक याच जातीचं) बहुतेक ग्लू घट्ट झाल्यावर ठिसूळ होतात. टार्गेटवर रोज शंभर धक्के खाणाऱ्या जोडात त्यांना बारीक तडे जातात. शिवाय इन्सर्ट वाटेत अर्ध्यावर असतानाच तो धरला, तर पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

व्हेन: इथे फेविक्विकची जात

व्हेनच्या बाबतीत मात्र सायनोअ‍ॅक्रिलेट उत्तम काम करतो. थर पातळ असतो, धक्का कमी असतो, आणि काही सेकंदांत धरतो. तिरंदाजीसाठी बनवलेले ईस्टनचा क्विक बाँड किंवा एएईचा फास्टसेट हे याच जातीचे, पण थोडे जाडसर आणि लवचिक. घरचं फेविक्विक चालतं का? चालतं. ते फार पातळ असल्याने शाफ्टवर ओघळतं आणि व्हेन थोड्या लवकर सुटतात, एवढंच. स्पर्धेच्या आदल्या रात्री हाताशी तेवढंच असेल तर चिंता करू नका. नेहमीसाठी जेल स्वरूपातला घ्या.

दुसरी जात सॉल्व्हंटवाल्या ग्लूची. बोनिंगचा फ्लेच-टाइट प्लॅटिनम हा त्यातला प्रसिद्ध. त्यातला द्रव उडून जातो तसा तो घट्ट होतो, म्हणून प्रत्येक व्हेन जिगमध्ये, म्हणजे शाफ्टवर व्हेन नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यात, दहा-वीस मिनिटं धरून ठेवावी लागते. वेळखाऊ आहे, पण थोडा लवचिक राहतो आणि चूक झाली तर सोलून पुन्हा लावता येतो. खऱ्या पिसांना तर तोच जास्त मानवतो. पहिल्यांदा व्हेन लावणाऱ्या मुलाला मी हाच देईन, कारण व्हेन तिरकी बसली तर दुरुस्त करायला वेळ मिळतो.

कुठलाही घ्या, जिग हवाच. हाताने तीन व्हेन नेमक्या १२० अंशांवर बसत नाहीत. जिग नसेल तर क्लबचा एक दिवसासाठी मागून घ्या. बहुतेक क्लब देतात.

शाफ्ट जिगमध्ये बसवा, आणि तो व्हेनच्या जागी तळहाताने धरू नका. व्हेन क्लॅम्पमध्ये घाला, तिच्या तळाला बोट लागू देऊ नका. तळावर ग्लूची एकच बारीक, सलग रेघ ओढा. सायनोअ‍ॅक्रिलेटला जाड थर मानवत नाही. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि जाड थराच्या आतपर्यंत ओलावा पोहोचत नाही. क्लॅम्प खाली टेकवून, पूर्ण लांबीवर व्हेन टेकली आहे हे बघून, ग्लूच्या पाकिटावर सांगितलेल्या वेळेपर्यंत धरा. क्लॅम्प सोडताना वर ओढू नका, आधी उघडा आणि मग बाजूला घ्या.

तिन्ही व्हेन झाल्या की प्रत्येक व्हेनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला ग्लूचा एक बारीक थेंब लावा. पुढच्या टोकाचा थेंब अगदी महत्त्वाचा. व्हेन सोलायला सुरुवात तिथूनच होते, टार्गेटच्या फोममध्येही आणि धनुष्याला घासली तरीही.

एक इशारा लक्षात ठेवा: सांडलेला फेविक्विक कापसाने टिपू नका. कापूस आणि सायनोअ‍ॅक्रिलेट यांची झपाट्याने प्रक्रिया होते, कापूस तापतो आणि धूर येऊन बोट भाजू शकतं. टिश्यू पेपर किंवा प्लॅस्टिकचा तुकडा बरा. बोटं एकमेकांना चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. आणि खिडकी उघडी ठेवा, वाफा डोळ्यांना झोंबतात.

जुन्या व्हेन काढताना सुरीची धार शाफ्टकडे वळवू नका. बोथट पात्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने तळातून ढकला. उरलेला ग्लू थोडाथोडा नखाने काढून अल्कोहोलने पुसा. शाफ्टवर आधी विनाइलचं रॅप लावून त्यावर व्हेन चिकटवल्या असतील तर काम फार सोपं. ती बाजू गरम पाण्यात धरली की रॅपसकट सगळं निघतं. रोज सराव करणाऱ्या मुलांसाठी मी रॅपचाच आग्रह धरतो.

रिकर्व्हवर स्पिन विंग वापरणार असाल, म्हणजे त्या वळलेल्या पातळ फिल्मच्या व्हेन, तर ग्लूचा प्रश्नच नाही. त्या दुहेरी टेपवर बसतात आणि पुढेमागे पातळ टेपचा वेढा देतात. तिथेही साफसफाई वर सांगितली तीच.

नॉक: ग्लू नाही

आताचे नॉक शाफ्टमध्ये, बुशिंगमध्ये किंवा पिनवर दाबून बसतात. त्यांना ग्लू लावू नका. व्हेन धनुष्याला घासू नये म्हणून नॉक थोडा फिरवून जुळवावा लागतो. मागून दुसरा बाण येऊन आदळला तर नॉक उडून जातो आणि शाफ्ट वाचतो. चिकटवलेला असेल तर धक्का शाफ्टला बसतो.

आणखी एक कारण फार गंभीर आहे. बरेच नॉक पॉलिकार्बोनेटचे असतात. अ‍ॅसिटोन लागलं की त्यांना बारीक तडे जातात, फेविक्विकही त्यांना धोक्याचं. दोरी सुटताना तडकलेला नॉक फुटला की धनुष्य रिकामं सुटल्यासारखं होतं. धनुष्य तुटू शकतं आणि माणसाला लागू शकतं. नॉक सैल बसत असेल तर प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या, किंवा पातळ पिशवीचा बारीक तुकडा मध्ये घेऊन दाबा. तेवढं पुरतं.

लाकडी आणि बांबूचे बाण

आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांमध्ये इंडियन राउंड हा वेगळा गट असतो. त्यात बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण असतात, आणि बरीच मुलं तिथूनच सुरुवात करतात. लाकडाला उष्णतेची भीती कमी, म्हणून पॉइंटसाठी जास्त तापमानाचा हॉट मेल्ट खुशाल वापरा. लाकडाचं टोक ५ अंशांत निमुळतं करतात. तो उतार पॉइंटच्या आतल्या पोकळीशी नीट जुळला पाहिजे. जुळला नाही तर ग्लू कितीही चांगला असला तरी पॉइंट निघणारच. मागच्या बाजूला ११ अंशांचा उतार करून प्लॅस्टिकचा नॉक चिकटवतात. हा मात्र खरोखर चिकटवायचाच नॉक असतो, आणि तिथे सॉल्व्हंटवाला ग्लू घ्यायचा.

पिसांसाठीही सॉल्व्हंटवालाच. पिसाच्या पुढच्या टोकावर बारीक दोऱ्याचे चार वेढे देऊन त्यावर ग्लूचा थेंब लावला तर पीस वर्षभर हलत नाही. पूर्वी आपल्याकडे धनुष्यबाणांना सरस वापरत. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा गोंद लाकडाला फार छान धरतो, पण पाणी लागलं की मऊ पडतो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नका.

ऊन आणि पाऊस

विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या सीटवर बाणांची पेटी ठेवून जेवायला गेलात, तर कमी तापमानाचा हॉट मेल्ट मऊ पडू शकतो. पेटी सोबत घ्या. मैदानावरही बाण उन्हात मातीवर पसरून ठेवू नका.

पावसाळ्यात सायनोअ‍ॅक्रिलेट नेहमीपेक्षा लवकर धरतो आणि जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते. ती ग्लूच्या वाफेची असते, दिसायला खराब पण जोडाला धोका नाही. ग्लू कमी लावला की झाकही कमी येते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये घट्ट डब्यात ठेवली तर बरेच महिने टिकते. मात्र वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड बाटली उघडली की आत दव जमतं आणि ग्लू बाटलीतच घट्ट व्हायला लागतो.

पहिली खरेदी

कार्बन शाफ्ट, थेट चिकटवायचे पॉइंट आणि प्लॅस्टिकच्या व्हेन, एवढंच असेल तर दोन गोष्टी पुरतात: कमी तापमानाच्या हॉट मेल्टची एक कांडी आणि व्हेनसाठी एक छोटी बाटली. मोठी बाटली घेऊ नका. सायनोअ‍ॅक्रिलेट एकदा उघडला की हळूहळू घट्ट होतोच. इन्सर्टवाले बाण असतील तर हॉट मेल्टऐवजी सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी. अल्कोहोल, इअरबड, बारीक पॉलिश पेपर आणि टेफ्लॉन टेप सगळ्यांनाच लागतात.

आधी एकच बाण पूर्ण जोडा. तो चोवीस तास ठेवा, मग जवळून, पाच-सात मीटरवरून, मोकळ्या टार्गेटवर मारा. उपसताना टार्गेटच्या अगदी जवळ धरून, थोडा फिरवत सरळ मागे ओढा. पॉइंट जागेवर आहे, व्हेन टोकापासून उचललेली नाही, नॉक फिरत नाही, हे बघा. मग उरलेले जोडायला घ्या. आणि कार्बन बाण असतील तर प्रत्येक सत्राआधी बाण दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यापासून लांब, हलकासा चारही बाजूंनी वाकवून बघा आणि कान द्या. करकर ऐकू आली किंवा तंतू उचललेला दिसला, तर तो बाण जागच्या जागी दोन तुकडे करून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. तुकडे करताना जाड फडक्यात गुंडाळा, कार्बनचे कण कातडीत खोल घुसतात.